टीव्हीची जागा

आई माझ्याकडे बघत नव्हती. बोलायची, जेवायची, हाक मारली की ओ द्यायची, पण मी समोर जाऊन बसले की तिचं तोंड दाराकडे वळायचं. मी दाराच्या बाजूला बसले, तर खिडकीकडे. एखाद-दोन दिवसांचं असतं तर सोडून दिलं असतं, पण वडनेरहून तिला समुद्रपूरला आमच्या घरी आणलं तेव्हापासून हे रोजचं झालं होतं. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात वाट बघणं मला जमत नाही. कुकरच्या शिट्टीला उशीर झाला तरी मी गॅससमोर कमरेवर हात ठेवून उभी असते. आईचा अबोला असता तर भांडून मोकळी झाले असते. पण ती तर बोलत होती, फक्त बघत नव्हती, आणि त्याच्याशी भांडायचं कसं ते मला कळत नव्हतं.

राग यायला तिला कारण होतं, म्हणून तर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाबा गेले आणि वडनेरच्या घरी ती एकटी उरली. भाऊ पुण्याला नोकरीत. तो आला, तेरवी केली आणि रजा संपली म्हणून निघून गेला. मग मीच सगळं ठरवलं. तिच्या साड्या मीच पिशव्यांत भरल्या, गाय शेजारच्या काकांकडे नेऊन बांधली, घराला कुलूप लावलं. तिला विचारलं नाही असं नाही. "आई, चालशील ना?" असं विचारलं, पण विचारताना कुलूप माझ्या हातातच होतं. ती जीपमध्ये बसली आणि समुद्रपूर येईपर्यंत बाहेरच बघत राहिली.

पहिल्याच आठवड्यात, जेवताना, भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "संक्रांतीपर्यंत राहीन मी. मंग जाईन आपल्या घरी."

"एकटी कशी राहशील तिथं?"

"जशी राहत होती तशी."

 बाबा गेले तेव्हा घरात तीच एकटी होती. तिची हाक शेजारी पोचली, माणसं धावत आली, तोवर सगळं आटोपलं होतं. उद्या तिला काही झालं तर हाक मारायलाही कोणी नाही, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. दिवाळी नुकतीच झाली होती. म्हणजे संक्रांत काही फार लांब नव्हती. तेवढ्यात आईला आमच्या घरात रमवायचं, एवढं एकच काम माझ्यापुढे होतं, आणि ते कसं करायचं याचा मला पत्ता नव्हता.

टीव्हीचं सुचायला कारण आमचं वडनेरचं घर. नव्वदच्या सुरुवातीला बाबांनी हिंगणघाटहून ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला होता. आणला बाबांनी, पण त्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ते बाहेर ओट्यावर रेडिओला कान लावून कापसाचे भाव ऐकत बसायचे. टीव्ही सगळा आईचा. अंगणात लोखंडी पाइप रोवलेला, वर अँटेना. जरा वारा सुटला की चित्रात मुंग्या यायच्या. मग आई पदर खोचून बाहेर जायची आणि दोन्ही हातांनी तो पाइप फिरवायची. मी आत टीव्हीसमोर बसून ओरडायची.

"दिसून राह्यलं का?"

"नाई."

"आता?"

"थोडं थोडं."

"आता?"

"बस, बस. तिथंच राह्यजो."

पाइप सोडला की चित्र परत जायचं. म्हणून मग आई तो धरूनच उभी राहायची. आत आम्ही भावंडं आणि गल्लीतली अर्धी पोरं मालिका बघायचो, आणि बाहेर अंगणात ती नुसती ऐकायची. संपली की आत येऊन विचारायची, त्या बाईनं शेवटी साडी कोणती नेसली होती. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. तिला आता बसल्या जागी, कशालाही हात न लावता, आरशासारखा टीव्ही दाखवायचा, असं माझ्या मनानं घेतलं.

आमच्याकडे टीव्ही होता, पण तो जुना, मागं भलंमोठं पोट असलेला. आईला बैठकीतल्या दिवाणावर जागा करून दिली होती, टीव्ही तिथंच. पण तो लावला की ती दाराकडे तोंड करून बसायची. मी म्हणायची, "आई, पाय ना, तुझं कीर्तन लागलं." ती म्हणायची, "ऐकून राह्यली ना." मला वाटलं, चित्र खराब आहे म्हणून. मनात दुसरंही यायचं, की माझ्या घरातलं काहीच हिला बघायचं नाही. तांदूळसुद्धा ती निवडेनाशी झाली होती. वडनेरला सुपात तांदूळ घेऊन तासन् तास बसणारी बाई. इथं सूप पुढ्यात ठेवलं तर म्हणाली, "तुमच्या इकडचे तांदूळ साफच असते." सूप उचलून मी आत नेलं आणि ओट्यावर आपटलं. 

आमचे हे समुद्रपूरला कृषी केंद्र चालवतात. बियाण्याच्या पिशवीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचल्याशिवाय पिशवी न देणारा माणूस. मला जेवढी घाई, तेवढी यांना फुरसत. नवा टीव्ही घ्यायचा म्हटल्यावर मात्र यांच्या तोंडावर अशी कळा आली की लग्नातही मी ती पाहिली नव्हती. "घ्याचाच आहे तं एचडी घेऊ," म्हणाले. एचडी म्हणजे काय ते मला तेव्हा धड ठाऊक नव्हतं. हिंगणघाटच्या दुकानात भिंतभर टीव्ही लावले होते आणि सगळ्यांत एकच मासा पोहत होता. त्याचा खवला न् खवला दिसत होता. मी तिथंच मनात म्हटलं, हे आईला दिसलं की ती मान वळवणारच नाही. तिचा राग निघायला एवढं पुरे.

खोकं घरी आलं आणि माझी जी धावपळ सुरू झाली ती महिना दीड महिना थांबलीच नाही.

आधी पूजा. आमच्याकडे मिक्सर आला तरी त्याला हळदकुंकू लागतं. आईनंच टीव्हीच्या काचेवर बोटानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं. म्हणजे काचेवर नव्हे, काचेवर जे पातळ प्लास्टिक चिकटवलेलं येतं त्याच्यावर. स्वस्तिक जरा कलतं आलं. मी म्हटलं, आई, वाकडं झालं. ती म्हणाली, "देवाले चालते." ते प्लास्टिक काढायचं नाही, हा यांचा हुकूम. आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणं म्हणजे तिचं वय वाढवणं. मोटरसायकलच्या सीटवर प्लास्टिक, फ्रिजच्या दारावर प्लास्टिक, रिमोट तर पिशवीत घालून रबरानं बांधलेला. कोणतंही बटण दाबायचं म्हणजे बोटाला अंदाज लागायचा.

मग जागा. हे टेप घेऊन भिंत मोजत बसले. मी सांगितलं, एकच गोष्ट बघा, आईच्या नजरेच्या अगदी समोर आला पाहिजे. दिवाणावर ती बसली की नाकासमोर. तिला मान इकडे-तिकडे करायला जागाच ठेवायची नाही. यांनी पेन्सिलनं खुणा केल्या, परत खोडल्या, परत केल्या. ड्रिल मशीन आणलं आणि लाइन गेली.

त्या दिवसांत समुद्रपूरला लाइन असायची त्यापेक्षा नसायचीच जास्त. सकाळी गेली की दुपारी, दुपारी आली की संध्याकाळी परत. लाइन असे तेव्हा यांना दुकान सुटत नसे, आणि दुकान बंद असे तेव्हा लाइन नसे. भिंतीला एक भोक पडून राहिलं. मी येता-जाता त्या भोकाकडे बघायची आणि माझं डोकं फिरायचं.

"अहो, होणार आहे का नाही हे?"

"धीर धर ना वं थोडा."

"संक्रांत धीर धरते का?"

"तुले काऊन एवढी घाई? टीव्ही काई पळून जात नाई."

टीव्ही नाही, आई पळून जाईल, हे मी तिच्यासमोर बोलू शकत नव्हते. ती दिवाणावर बसून दाराकडे बघत असायची.

शेवटी टीव्ही भिंतीवर चढला. लाइन होती. जुन्या केबलची वायर यांनी मागं जोडली, मी आईला हाताला धरून दिवाणाच्या मधोमध बसवलं आणि चालू केला. काय दिसावं? सगळी माणसं सुजलेली. बातम्या सांगणारी बारीक पोरगीसुद्धा गालगुंड झाल्यासारखी आडवी पसरलेली, वर सगळ्यावर धुरकट पदर, मधात कलतं स्वस्तिक. आमचा जुना डबा याच्याहून बरा होता. आईनं क्षणभर तिकडं तोंड केलं, आणि वळलीच दाराकडे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टीव्हीवर की आईवर, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. उठून मी त्या प्लास्टिकचं टोक धरलं आणि स्वस्तिकासकट ओरबाडून काढलं. हे म्हणाले, "अवो, अवो, अपशकुन करू नको." मी म्हटलं, तुमचं प्लास्टिक तेवढं जपा, माणसं गेली तरी चालतील.  प्लास्टिक मात्र त्यांनी घडी करून खोक्यात ठेवलं.

मग कळलं की नुसता टीव्ही एचडी असून भागत नाही, गच्चीवरची डिशची छत्रीसुद्धा एचडीची लागते, तिचा सेट-टॉप डबा वेगळा. एचडीची छत्री त्या सुमारास नवीनच निघाली होती. छत्री बसवणारा हिंगणघाटचा. फोन केला की म्हणायचा, "निघालोच ताई, रस्त्यात आहो." समुद्रपूरचा रस्ता एवढा लांब आहे हे मला तेव्हाच कळलं. मी दर तासाला गच्चीवर जाऊन बघायची, खाली यायची, चहा टाकायची, तो उतू जायचा. आई विचारायची, "काऊन येरझारा घालून राह्यली?" ते विचारतानाही तोंड खिडकीकडे. मी म्हणायची, काही नाही.

एक दिवस तो आला. गच्चीवर छत्री बसली. तो वर, मी खाली टीव्हीसमोर, आणि जिन्यातून ओरडाओरडी. मला वडनेरचं अंगण आठवलं. आईकडे पाहिलं, वाटलं तिलाही आठवलं असेल, जरा हसेल. ती हसत होतीसुद्धा, पण दाराकडे बघून. तो गडी डबा जोडून, सही घेऊन निघून गेला. चित्र आलं ते परत सुजलेलंच.

त्या दिवशी मी जेवले नाही. यांनी माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं आणि शांतपणे सांगितलं, की त्यानं लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची जुनी वायर लावली आहे, तिच्यातून एचडी येतच नाही. त्याला एकच चपट्या तोंडाची वायर लागते. ती डब्यासोबत आलेली नव्हती आणि समुद्रपुरात कोणी तिचं नावही ऐकलं नव्हतं. "पुढच्या आठवड्यात नागपूरले जाईन माल आणाले, तेव्हा आणतो," म्हणाले. मी म्हटलं, उद्या जा. ते म्हणाले, "उद्या बाजार आहे." मी पाठ फिरवून उठून गेले. आमच्या घरात तोंड फिरवणाऱ्या आता दोघी झाल्या होत्या.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. बाजारात तीळ आले, गूळ आला. शेजारणी वाणाला काय लुटायचं ते ठरवू लागल्या. आणि एक दिवस मी बैठक झाडायला गेले तर दिवाणाच्या पायाशी आईची पिशवी. साड्या घडी करून भरलेल्या, वरती वडनेरच्या घराची किल्ली. किल्ली मी कपाटात ठेवली होती. तिनं केव्हा शोधून काढली देव जाणे. मी पिशवी तिथंच ठेवली, झाडू तिथंच टाकला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

यांनी वायर आणली. आणली आणि लाइन नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी हे दुकानावरून मुद्दाम घरी आले, पंखा फिरायला लागल्याबरोबर भिंतीमागं हात घालून वायर बसवली, रिमोटचं बटण तीन-चारदा दाबलं आणि एकदम खोलीत उजेड झाला.

खरं सांगते, मी तोंडाला पदर लावला. कुठल्या तरी परदेशातलं हिरवं कुरण होतं. गवताची पात अन् पात वेगळी. त्याच्यावर दव. आणि मधोमध एक गाय चरत होती. तिच्या नाकावरची ओल दिसत होती, कानाजवळची माशी दिसत होती. हे कमरेवर हात ठेवून असे उभे होते जसं ते कुरण यांनीच पेरलं. मला वाटलं, जमलं. गायच आली, याच्याहून बरं काय यायचं होतं.

"आई, पाय. गाय पाय कशी."

आईनं समोर पाहिलं. तिच्या कपाळावर आठी आली. आणि तिनं हळूच तोंड दाराकडे वळवलं.

माझा बांधच फुटला. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, मी तुझी कोण लागते की नाही. म्हटलं, तुला घरातून उचलून आणली, गाय दुसऱ्याच्या दावणीला बांधली, हो, केलं मी, पण तुझ्याचसाठी केलं ना. महिना झाला मी धावून राहिली, तुला नीट दिसावं म्हणून. आणि तू तोंड फिरवतेस. एकदा माझ्याकडे बघून शिव्या दे, पण तोंड फिरवू नको.

हे बाजूला सरकले. आई दाराकडेच तोंड करून बसली होती. तिला राग आलेला दिसत नव्हता. उलट नवल वाटल्यासारखा चेहरा होता.

"तोंड नाई फिरवलं तं पाहू कशी?" ती म्हणाली.

मला काही समजलं नाही.

"पाहूनच राह्यली मी. तांबडी गाय आहे. तोंडावर पांढरा पट्टा. आता मान वर केली तिनं." मी टीव्हीकडे पाहिलं. गायीनं मान वर केली होती. आई दाराकडे बघत होती, आणि दारात कोणी नव्हतं.

मी जाऊन तिच्यासमोर खाली बसले. तिनं माझ्यावरून मान थोडी बाजूला नेली, नेहमीसारखीच. आणि मग सांगितलं, अगदी साधं, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. "समोर पाह्यलं का मधात भोक पडते, बाई. गोवरीएवढं. ज्याच्याकडे पाह्यलं तेच गायब. कडेकडेनं दिसते. म्हणून मी बाजूले पाहतो, का मले पाहाचं ते कडेले येते."

"कधीपासून?"

"तुहे बाबा होते तेव्हापासून. त्याइले सांगतलं होतं."

म्हणजे हिनं माझ्यावरून नजर काढली ती रागानं नव्हेच. मी समोर बसले की मी त्या भोकात जायची. मला बघण्यासाठी ती दाराकडे बघत होती. इतके दिवस दर वेळी. आणि मी हट्टानं उठून परत तिच्या नाकासमोर येऊन बसत होते, आणि तिला परत मान फिरवावी लागत होती. टीव्हीसुद्धा मी टेप लावून नेमका त्या भोकात टांगला होता.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तू मले वडनेरले जाऊ दिलं असतं का?"

हे मात्र खरं होतं. मी म्हटलं, असं असून तू तिकडे एकटी जायला निघालीस? तेव्हा तिनं जे सांगितलं ते ऐकून यांनीही रिमोट खाली ठेवला. ती म्हणाली, "तिथं मले डोळे लागत नाई. हात टाकला का मीठ सापडते. चूल कुठी, पाण्याचा गुंड कुठी, उंबरा केवढा, सारं पायाले ठावं आहे. इथं तू रोज डबे हालवतं. साखर म्हणून घेतलं तं रवा निंघते. मले चहा कराची लाज वाटते."

टीव्हीवरचं कुरण जाऊन केव्हाच जाहिरात लागली होती. मी उठून तो बंद केला.  मग आईच म्हणाली, "लाइन आहे तवर पाण्याची मोटर लावून घे."

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, गेलं ते परत यायचं नाही, पण कडेचं दिसणं राहील. त्या कडेनं बघतात ते बरोबरच करतात, तसंच बघू द्या. बसमध्ये परतताना मी तिच्या बाजूला बसले होते. पहिल्यांदा ध्यानात आलं, की बाजूला बसलं म्हणजे तिला मी दिसते. केळझरच्या गणपतीला जायचं राहिलं, असं काही तरी ती बोलत होती. मी हो हो म्हणत होते.

संक्रांतीला आम्ही दोघी वडनेरला गेलो. तिची पिशवी तिनं घेतली, मी अडवलं नाही. घर उघडलं. मी स्वयंपाकघरात उंबऱ्यावर बसले आणि तिला म्हटलं, तू चहा कर. तिनं केला. चुलीशी बसल्या जागी डावा हात टाकून साखर, तिच्या मागं चहापत्ती, उजवीकडे मिठाचं भांडं, वर खुंटीला चिमटा. एकदाही इकडे-तिकडे चाचपलं नाही. मी सगळं डोक्यात बसवलं. मग ते डबे, ते मिठाचं भांडं, चिमटासुद्धा एका पोत्यात घातला. आई दारात उभी होती. म्हणाली, "हे कुठी नेतं?" मी म्हटलं, आपल्या घरी. जसं इथं आहे तसंच तिथं लावते, आणि परत हालवलं तर माझे हात तोड. ती शेजारी जाऊन गायीच्या पाठीवर हात फिरवून आली. मग कुलूप तिनं स्वतः लावलं आणि किल्ली कंबरेला खोचून संध्याकाळच्या बसमध्ये माझ्यासोबत चढली.

राहता राहिला टीव्ही. यांना भिंतीवरून काढायचं जिवावर आलं होतं. एवढी मोजमापं करून बसवलेला. पण काढला. भिंतीला चार भोकं राहिली, त्यांच्यावर हे कॅलेंडर लावतात अजून. टीव्ही एका टेबलावर ठेवला. आई दिवाणावर दाराकडे तोंड करून बसली, आणि मी टेबल धरून भिंतीशी सरकवायला लागले.

"दिसून राह्यलं का?"

"नाई."

मी आणखी ढकललं. "आता?"

"थोडं थोडं."

"आता?"

"बस, बस. तिथंच राह्यजो."

दाराच्या डावीकडे, कोपऱ्यात, जिथं कोणीही शहाणा माणूस टीव्ही ठेवणार नाही अशी ती जागा होती. हे म्हणाले, आता एचडी लावू का. आई म्हणाली, "राहू द्या, जवाईबापू. बंदच राहू द्या." आणि मला म्हणाली, "तू बस तिथं. टीव्हीच्या म्होरं."

मी खाली बसले, टीव्हीच्या टेबलाला पाठ लावून. आई दाराकडे बघत होती.  मला कधी नव्हे ते उठावंसं वाटत नव्हतं.

"तुहे केस पिकले वं बाई," ती म्हणाली. "कोनं सांगतलंच नाई मले."

 तिचं बघून होईपर्यंत मी जागची हलले नाही.